हाड वाढत नाही, सरकतं: आईचा अंगठा, आज्जीचा अंगठा आणि बुटांचा इतिहास

आजचा एपिसोड पायापासून सुरू होतो, अगदी शब्दशः. तुम्ही बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, गाडीवर मागे बसून ऐकत असाल, तर जमेल तेव्हा एकदा चप्पल काढून पायाकडे बघा. अंगठ्याच्या बुडाशी, आतल्या अंगाला, म्हणजे दुसऱ्या पायाच्या बाजूला, एक टेंगूळ दिसतंय का? आणि अंगठ्याचं टोक शेजारच्या बोटाकडे झुकलंय का?

असेल, तर इंग्रजीत त्याला बनियन म्हणतात. हो, कानाला आपल्या अंगातल्या बनियनसारखंच ऐकू येतं. मी आईला पहिल्यांदा सांगितलं, "आई, तुला बनियन झालंय", तेव्हा तिनं माझ्याकडे जे बघितलं ते ऑडिओत दाखवता येत नाही. डॉक्टरी नाव आहे हॅलक्स व्हॅल्गस. आपल्याकडे कुणी ही दोन्ही नावं घेत नाही. आपल्या घराघरांत एकच वाक्य असतं: "अंगठ्याचं हाड वाढलंय."

आजचा सगळा एपिसोड या एका वाक्याबद्दल आहे. कारण हे वाक्य चुकीचं आहे, आणि ते फक्त आपणच बोलत होतो असं नाही. युरोपातले मोठमोठे सर्जनसुद्धा बराच काळ हेच समजत होते, आणि त्या समजुतीवर त्यांनी लोकांच्या पायांवर करवती चालवल्या.

आधी आईचं सांगते. आई डबे करते. इथे छत्रपती संभाजीनगरात, आमच्याच स्वयंपाकघरातून. दिवसाचे नऊ-दहा तास ओट्यापाशी उभी, खाली शहाबादी फरशी. तिचं ते टेंगूळ मी लहानपणापासून बघत आलेय, पण दोनेक वर्षांपासून ते दुखायला लागलं. गुलमंडीवरून घेतलेली नवी सँडल दोनदा घालून कपाटात गेली. मग कुठल्यातरी व्हिडिओखाली जाहिरात दिसली: रात्री हे घालून झोपा, हाड आपोआप आत जाईल. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात बसवायचा सिलिकॉनचा तुकडा आणि वर एक पट्टा. आईनं तो इमानदारीत दोन महिने घातला. हाड आत गेलं नाही. उन्हाळ्यात बोटांच्या बेचक्यात घामोळं मात्र आलं.

तेव्हा मी वाचायला लागले. खरं कारण आणखी एक होतं, ते नंतर सांगते.

तर हाड वाढत नाही म्हणजे काय? पायाच्या पंज्यात बोटांच्या मागे पाच लांब हाडं असतात. अंगठ्यामागचं जे हाड आहे, ते हळूहळू बाकीच्या चार हाडांपासून फुटून आतल्या अंगाला सरकतं. अंगठा स्वतः उलट दिशेला, बोटांकडे वळतो. दोघांमध्ये एक कोन तयार होतो, आणि त्या कोनाचं टोक बाहेर दिसतं. तेच ते टेंगूळ. म्हणजे बाहेर आलेलं हाड नवीन उगवलेलं नसतं. ते तुमच्या जुन्याच हाडाचं डोकं असतं, जागा सोडून आलेलं. वर चप्पल घासून घासून कातडी जाड होते, आत पाण्याची पिशवी धरते, त्यामुळे ते आणखी मोठं वाटतं. एकदा बोटं वाकडी झाली की स्नायूंच्या दोऱ्यासुद्धा तिरप्या ओढायला लागतात, म्हणून ते वर्षागणिक वाढत जातं.

आणि हो, कुरूप वेगळं. कुरूप म्हणजे दाबामुळे जाड झालेली कातडी. ते खरवडता येतं. हे खरवडता येत नाही.

आता दोष कुणाचा? कुणालाही विचारा, उत्तर येतं: बुटांचा. टोकदार बूट, हाय हील. आईला हे सांगितलं तर ती हसली. "मी कधी हील घातली? आणि तुझ्या आज्जीचं काय?"

आज्जीचं काय, हा खरंच प्रश्न होता. आज्जी गंगापूर तालुक्यातली. शेतात राबली, निम्मं आयुष्य अनवाणी. चप्पल असायची ती तालुक्याच्या गावाला किंवा लग्नाला जायची. आणि तिचा अंगठा आईच्यापेक्षा जास्त वाकडा होता. बुटाला दोष द्यायचा तर आज्जीच्या बाबतीत बूट होताच कुठे?

म्हणून मी जरा मागे गेले.

आपल्याकडे मागे जायचं म्हटलं की पाय अजिंठ्याकडेच वळतात. सव्वीस नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणातला बुद्ध आडवा आहे, साधारण सात मीटर लांब. बरेच जण चेहऱ्याकडे बघून पुढे जातात. मी यावेळी पायांपाशी थांबले. बोटं सरळ, एकमेकांना समांतर. पण शिल्प म्हणजे एक्स-रे नव्हे. महापुरुषाचे पाय कसे असावेत याचे नियम ठरलेले होते, शिल्पकारानं ते पाळले. त्यावरून त्या काळच्या शेतकऱ्याच्या अंगठ्याबद्दल काहीच कळत नाही. चप्पल पायात सरकवून मी परत आले.

पायताणं मात्र काहीतरी सांगतात. पैठण इथून पन्नासेक किलोमीटर. आषाढी वारीला तिथून नाथांची पालखी पंढरपूरला निघते, आणि पालखीत पादुका असतात. लाकडी पादुकेची रचना आठवा: खाली फळी, वर एक खुंटी, ती अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात धरायची. कोल्हापुरीतसुद्धा अंगठ्यासाठी वेगळी कडी असते, तिला कारागीर अंगठाच म्हणतात. जपानी गेता घ्या, तिथेही दोरी त्याच बेचक्यातून. तिन्हीत पुढची बोटं मोकळी. त्यांना दाबणारी भिंतच नाही. कोल्हापुरी हे औषध आहे असं मी म्हणत नाहीये, उगाच तसं फॉरवर्ड करू नका. एवढंच, की ती बोटांना चिमटीत धरत नाही.

मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली आणि पुढे औरंगजेबानं ती आपलं दख्खनचं ठाणं केली, तेव्हा या गावात चोचदार मोजड्याही आल्या असणार. पारंपरिक मोजडीत डावा-उजवा भेद नसतो, घालून घालून ती पायाचा आकार घेते. हे ऐकून आपण म्हणतो, काय मागास. पण युरोपातही साधारण सतराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक बूट असेच, दोन्ही पायांना एकच साचा. फरक हा, की तिथे चामडं कडक होतं आणि पाय पूर्ण बंद.

आणि त्याच्याही आधी तिथे एक फॅशन येऊन गेली होती, तिचा हिशेब हाडांनी ठेवलाय. चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये लांबच लांब टोकांचे बूट निघाले. इतके लांब, की १४६५ मध्ये राजा चौथ्या एडवर्डच्या काळात लंडनमध्ये दोन इंचांपेक्षा लांब टोकावर बंदी घालावी लागली. २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या शहरातल्या जुन्या दफनभूमींमधले १७७ सांगाडे तपासले. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांत वाकडा अंगठा होता ६ टक्क्यांना. चौदाव्या-पंधराव्या शतकात तोच आकडा २७ टक्के. गावाबाहेरच्या कष्टकऱ्यांच्या दफनभूमीत ३ टक्के, आणि मठाच्या दफनभूमीत, जिथे साधू आणि मठाला पैसा देणारे श्रीमंत पुरले जायचे, तिथे ४३ टक्के. साधूंना साधे बूट घालायचा नियम होता बरं का. हाडं सांगतात, नियम कितपत पाळला गेला ते. ज्यांचे अंगठे वाकडे होते, त्यांच्यात पडून मोडलेली हाडंही जास्त सापडली. अंगठा वाकला की तोल जातो.

मग आशिया. १९५८ मध्ये हाँगकाँगच्या दोन डॉक्टरांनी, सिम-फूक आणि हॉजसन यांनी, बूट घालणाऱ्या आणि अनवाणी राहणाऱ्या चिनी लोकांचे पाय तपासले. बूटवाल्यांत ३३ टक्के, अनवाण्यांत १.९ टक्के. जपानमध्येही हेच दिसलं: गेता सुटल्या, चामडी बूट आले, आणि अंगठे वाकायला लागले. १९६५ मध्ये सेंट हेलेना बेटावर, हो, तेच नेपोलियनवालं, पाहणी झाली. तिथे काही लोक बूट घालत, काही नाही. अनवाणी लोकांत साधारण २ टक्के. साठ वर्षांपेक्षा जास्त काळ बूट घातलेल्या पुरुषांत १६ टक्के, बायकांत ४८ टक्के.

या आकड्यांत मी दोन ठिकाणी अडकले. एक म्हणजे बायका आणि पुरुषांतला फरक. बायकांचे बूट अरुंद असतात हे खरं, पण सांधे धरून ठेवणारे बंध बायकांत मुळात जरा सैल असतात, हेही त्यामागे धरलं जातं. आणि दुसरं म्हणजे तो २ टक्क्यांचा छोटासा आकडा. बूट नाही, तरी अंगठा वाकडा. शंभरात दोन. माझी आज्जी त्या दोघांतली एक.

कारण उरतं ते रक्ताचं. वाकडा अंगठा घराण्यात चालतो, हे आता चांगलं माहीत आहे. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात लोकांच्या तब्येतीचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास चाललाय. तिथल्या कुटुंबांचे पाय तपासले, तेव्हा हा दोष वारशानं येण्याचं प्रमाण मोठं निघालं. अंगठाच वारशानं येतो असं नाही. येते ती पायाची ठेवण: हाडांचे कोन, सांध्यांचा सैलपणा. बूट त्यावर वरून दाब देतो. आज्जीच्या पायात ठेवण एवढी जोरात होती, की दाबाची गरजच पडली नाही.

इथे थोडं थांबते, कारण हे आकडे ऐकून कुणीतरी कमेंट करणार: बघा, आपले पूर्वज अनवाणी चालायचे, किती शास्त्रीय! नको. आपल्याकडे किती जणांचं अनवाणीपण हे त्यांनी निवडलेलं होतं? बाईनं पायात जोडे घालून, छत्री घेऊन रस्त्यानं चालणं एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात उद्धटपणा मानला जायचा. आणि गावोगावी दलितांना सवर्णांच्या घरावरून जाताना चप्पल काढून हातात घ्यावी लागायची. ज्या चांभार आणि ढोर समाजानं चामडं कमावलं, चपला शिवल्या, त्यांच्याच पायात ती घालायची की नाही हे दुसरे ठरवायचे. आज्जीच्या टाचांना भेगा इतक्या होत्या, की तिची जुनी लुगडी त्यात अडकायची. बाभळीच्या काट्यानं पाय पिकून ती एकदा महिनाभर अंथरुणाला होती. अनवाणी पायाचा अंगठा सरळ असेलही, बाकीच्या पायाची किंमत मोजून.

बरं, आता उपचार. आणि आपलं ते वाक्य, हाड वाढलंय.

१७८१ मध्ये पेत्रुस कांपर नावाच्या डच शरीरशास्त्रज्ञानं चांगला बूट कसा असावा यावर एक निबंध लिहिला. त्याची तक्रार अशी, की विद्वान मंडळी घोड्या-खेचरांच्या खुरांवर इतकं लिहितात आणि माणसाच्या पायाकडे कुणी बघत नाही. १८५८ मध्ये झुरिकच्या हेर्मान मेयरनं पुढचं पाऊल टाकलं: अंगठ्याच्या मधून मागे रेघ ओढली, तर ती टाचेच्या मध्यावर गेली पाहिजे, तळवा असा कापा. बूट बनवणाऱ्यांनी ऐकलं थोडं, फॅशननं ऐकलं नाही.

पण डॉक्टर तोवर टेंगळालाच आजार समजत होते. वाढलेलं हाड किंवा सुजलेली पिशवी. मग उपाय काय? कापा. छिलून टाका. १८७० च्या सुमारास कार्ल ह्यूटर या जर्मन सर्जननं या दोषाला हॅलक्स व्हॅल्गस हे नाव दिलं, म्हणजे बाहेरच्या बाजूला वळलेला अंगठा. नाव बदललं आणि नजर टेंगळावरून अंगठ्याच्या दिशेवर गेली. मला या सगळ्या गोष्टीत हे सगळ्यात आवडतं, की एका शब्दानं एवढं काम केलं.

१८८१ मध्ये जिनिव्हाच्या जाक-लुई रेव्हर्दँनं टेंगूळ छिलण्यावर न थांबता, हाडाच्या डोक्यामागून पाचरीसारखा तुकडा काढला आणि हाडाची दिशा वळवली. बरोबर वाट सापडली होती. पण सगळे त्या वाटेनं गेले नाहीत. १९०४ मध्ये अमेरिकी लष्करातल्या केलरनं अंगठ्याच्याच हाडाचं बूड काढून टाकायची पद्धत लिहिली. दुखणं जायचं, पण अंगठा आखूड आणि लुळा व्हायचा. १९०८ मध्ये चार्ल्स मेयो, त्या प्रसिद्ध मेयो क्लिनिकचा, त्यानं मागच्या हाडाचं डोकंच काढायचं सुचवलं. आता विचार करा, चालताना शरीराचा भार ज्या हाडावर येतो त्याचंच डोकं काढलं, तर भार जाणार कुठे? शेजारच्या बोटांवर. मग तिथे दुखायचं.

पुढे सर्जन हाडावरून मागे मागे सरकत गेले. १९३४ मध्ये पॉल लॅपिडसचं म्हणणं आलं, की मूळ गडबड पंज्याच्या मधल्या सांध्यात आहे, जिथून ते हाड फुटून सरकतं. तो सांधा जागेवर आणून पक्का करा. १९६० च्या दशकात हाडाच्या डोक्याजवळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा काप घेऊन ते आत सरकवायची पद्धत आली. शिपायाच्या बाहीवरच्या फितीसारखा काप, म्हणून नाव शेव्हरॉन. आणि स्कार्फ नावाची एक पद्धत आहे, तिचा गळ्यातल्या स्कार्फशी संबंध नाही. सुतार दोन लाकडं तिरपी कापून एकात एक सांधतात त्या जोडाचं हे नाव. हाड लांबीला झेड अक्षरासारखं कापायचं, सरकवायचं, छोट्या स्क्रूनी धरायचं. अशा सगळ्या मिळून शंभरावर पद्धती वैद्यकीय पुस्तकांत आहेत. एका आजाराला शंभर ऑपरेशनं, म्हणजे सगळ्यांना लागू पडेल असं एकही नाही, एवढं आपल्यालाही कळतं.

आईला मी ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उभं राहून एक्स-रे काढायला लावला. झोपून काढला तर पायावर भार येत नाही आणि कोन खरा दिसत नाही. मग पट्टी ठेवून कोन मोजला. अंगठ्याचा कोन साधारण १५ अंशांपर्यंत नॉर्मल धरतात. आईचा २८.

"दुखतं किती?" त्यांनी विचारलं.

"उभं राहिलं की दुखतं," आई म्हणाली.

"मग बसत जा."

"बसून पोळ्या होत नाहीत, डॉक्टर."

ते हसले आणि मग नीट सांगितलं. दिसायला वाईट दिसतं म्हणून ऑपरेशन करायचं नाही. रोजचं काम अडत असेल, चपला बदलूनही दुखत असेल, तरच. आधी पुढून रुंद आणि मऊ पायताण, टेंगळावर पॅड, सूज आली की बर्फ, फार दुखलं तर थोडे दिवस गोळी. बोटांत बसवायचं ते सिलिकॉन? घातलंय तोवर आराम देईल, हाड सरळ करणार नाही. २००१ मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी २०९ रुग्णांवर हेच करून बघितलं होतं. काहींचं ऑपरेशन, काहींना बुटात घालायचे खास तळवे, काहींना फक्त थांबा म्हणून सांगितलं. तळव्यांनी सुरुवातीला आराम पडला. वर्षाअखेरीस ऑपरेशनवाले सगळ्यांत बरे होते.

ऑपरेशन केलं तर? साधारण सहा आठवडे कडक तळव्याचा खास बूट, सूज पूर्ण उतरायला काही महिने, आणि काही जणांत अंगठा पुन्हा वळतो. नुसतं टेंगूळ छिलून देतो असं कुणी स्वस्तात सांगत असेल, तर रेव्हर्दँ आठवा. हाड सरकलेलंच राहिलं, तर टेंगूळ परत येणार.

डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या, त्या तुम्हीही घरी विचारा. एका रात्रीत सांधा लालभडक, गरम आणि हात लावू देणार नाही असा झाला होता का? तो गाऊट असू शकतो, त्याचे उपचार वेगळे. आणि साखर आहे का? मधुमेहात पायाला जाणीव कमी होते, टेंगळावर चप्पल घासून जखम होते आणि कळत नाही. अशा पायाला घरगुती पट्टे बांधू नका, दाखवा. आपल्याकडे घाटीच्या ओपीडीतही दाखवता येतं.

घरी येताना रिक्षात आईनं बोटांवर हिशेब केला. सहा आठवडे म्हणजे चोवीस डब्यांची गिऱ्हाइकं दुसरीकडे जाणार, आणि गेलेली गिऱ्हाइकं परत येत नाहीत. "पुढच्या उन्हाळ्यात बघू," ती म्हणाली. कॉलेजच्या पोरांना सुट्टी असते तेव्हा डबे कमी असतात. मला वाटत होतं तिनं आताच करून घ्यावं. अजूनही वाटतं. पण पाय तिचा आहे आणि डबेही.

म्हणून सध्या चप्पल. पैठण गेटजवळ एक काका बसतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आईचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलनं आखून घेतला. अंगठ्यापाशी पेन्सिल बाहेर गेली, पुन्हा आत आली.

"ताई, इथं पट्टा नको," ते म्हणाले, "पट्टा मागं घेतो. हाड उघडं ठेवू. आणि तळ जरा जाड, फरशीवर उभं राहायचं ना?"

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टोकदार बेलीज घातल्या होत्या. "तुमचाबी पाय ठेवा."

हे ते दुसरं कारण, जे सुरुवातीला सांगायचं राहिलं होतं. मी सव्वीस वर्षांची आहे. कागदावर माझा उजवा अंगठा आईच्या शेजारी आखला, तेव्हा रेघ त्याच ठिकाणी थोडीशी बाहेर गेली. काकांनी दोन्ही कागदांवर नावं लिहिली, एकावर आई, एकावर मुलगी, आणि म्हणाले, शनिवारी या.